चाकाची धाव : नांदेड-लातूरच्या वाटेवरून

लातूरच्या आमच्या एका स्नेह्यांनी मागील पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या मोटारीचे चारही टायर बदलले. मोटार पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही शक्तींवर चालणारी, जिला हायब्रिड म्हणतात ती. लातूर ते नांदेड हा सुमारे १४० किलोमीटरांचा रस्ता त्यांना कामानिमित्त आठवड्यातून दोनदा तुडवावा लागतो, आणि गृहस्थ हिशेबाचे इतके पक्के की पेट्रोलच्या प्रत्येक लिटरची नोंद वहीत. वही असे सांगे की, जुन्या झिजलेल्या टायरांवर लिटरला २२ किलोमीटर जाणारी गाडी नव्याकोऱ्या टायरांवर २० किलोमीटरांवर आली. ‘पैसे मोजून तोटा विकत घेतला, असे कसे झाले?’ हा प्रश्न त्यांनी आम्हांस केला. आम्ही यंत्रशास्त्राचे जाणकार नव्हे, इतिहासात रमणारे. परंतु प्रश्न ऐकल्यावर आमच्या मनात आले की, हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. चाक किती खाते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनाही मोजावे लागतच होते. फक्त पेट्रोलच्या जागी कडबा होता.

बैलगाडीचे चाक कसे असे, हे आज तरुण श्रोत्यांना सांगावेच लागेल. मधोमध जाड तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले बाकदार पुठ्ठे, आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी. त्या पट्टीला धाव म्हणत. लाकूड बहुधा बाभळीचे, कारण आपल्याकडे ती मुबलक आणि लाकूड चिवट. धाव चढविणे हा सुतार आणि लोहार या दोघांचा मिळून सोहळाच असे. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल होईपर्यंत तापवायची, सांडशांनी उचलून चाकावर बसवायची, की लगेच घागरी ओतायच्या. लोखंड आकसे आणि सारे चाक करकचून एकजीव होई. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, तर गोदावरीच्या किंवा मांजरेच्या पाण्यात चाके भिजत घालणे हा त्यावरचा उपाय.

आता निवडीचा प्रश्न पाहा. अरुंद धावेचे चाक कठीण सडकेवर हलके चाले, पण पाऊस पडून काळे रान मऊ झाले की तेच चाक सुरीसारखे रुते. रुंद धाव चिखलात बरी, पण वजनाने जड आणि लोखंडाला महाग. चाक उंच केले तर खड्ड्यातून सहज निघे. पण गाडी भरायला अवघड आणि उलटण्याचे भय अधिक. सर्व गुण एका चाकात मिळत नाहीत, ही गोष्ट सुताराला आणि गाडीवानाला पक्की ठाऊक होती. आपल्या भागात बैलांच्या दोन नामवंत जाती निपजल्या, कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल पाहताना माणसे दात पाहत, खूर पाहत, चालवून पाहत. चाकाची परीक्षा इतक्या बारकाईने होत असे, असे आम्हांस वाटत नाही. चाकातली चूक बैल मुकाट्याने भरून काढी, आणि तिची नोंद कोणाच्याच वहीत नसे.

ओढ कमी कशी करावी, याचे पहिले मोठे उत्तर या मुलखाला आगगाडीने दिले. हैदराबादहून मनमाडकडे जाणारी मीटरमापी गाडी १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली. लातूरला तिच्याहून लहान, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ साली पोहोचली. ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरच्या डोक्यातून निघाली होती. इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलक्या रुळांवरही भरपूर माल जाई. लोखंडी रुळावरून लोखंडी चाक फिरताना एक टन ओझ्याला दोन-अडीच किलो ओढही पुरते. मऊ मातीच्या गाडीवाटेवर तेवढ्याच ओझ्याला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. लातूरच्या बाजारपेठेची भरभराट केवळ रेल्वेने झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण १९१७ साली उभारलेल्या गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांतील मालाला पुढची वाट या रुळांनी दिली, हे खरे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाच मार्ग रुंद झाला, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी त्याच वाटेने लातूरला आली. तेव्हा घागर घेऊन उभे राहिलेले कित्येक लोक आज या सभागृहातही असतील.

परंतु आगगाडी स्टेशनापुरती. शेतापासून स्टेशनापर्यंतचे ओझे बैलाच्याच मानेवर राहिले. तेथे हवेचे चाक आले, आणि त्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. हवेचा टायर मोटारीसाठी निघाला अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. घोडागाडीची ओढ हलकी व्हावी, हाच त्याचा हेतू. कल्पना विस्मरणात गेली आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप याने ती पुन्हा शोधली. डनलप हा जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्याने रबराच्या नळीत हवा भरून चाक केले, आणि नवे व जुने अशी दोन चाके अंगणात सारख्याच जोराने घरंगळत सोडली. जुने वाटेतच पडले; हवेचे अंगणाच्या टोकाला जाऊन आपटले. आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत टायरांची जी परीक्षा होते, तिचे मूळ या अंगणातल्या खेळात आहे.

हिंदुस्थानात डनलपचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे निघाला, आणि त्याच सुमाराच्या काळात बैलगाड्यांनाही हवेचे टायर लागू लागले. उत्तरेत अशा गाडीचे नावच ‘डनलप’ पडले. आपल्याकडे ती टायरगाडी झाली. ओढ हलकी झाली, यात शंका नाही. पण बैलाचे कष्ट हलके झाले काय? येथे इतिहास थोडा कडवट आहे. ओढ कमी होताच ओझे वाढले. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भागातील टोळ्यांत एक प्रकारच ‘टायर सेंटर’ या नावाने ओळखला जातो. बैल मजुराचे, टायरगाडी बहुधा कारखान्याची आणि तिचे भाडे मजुराच्या माथी. पूर्वी एका खेपेत निघत नसे इतका ऊस त्याच दोन बैलांच्या मागे चढू लागला. नव्या चाकाने केलेली बचत कोणाच्या पदरात पडते, हे चाक ठरवीत नाही.

मोटारी आल्या त्या निजामाच्या अमदानीत. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन सडकेवरील वाहतूक सुरू केली. संस्थानाची सरकारी प्रवासी मोटार ती हीच. मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुढे आपली एस.टी. गावोगाव पोहोचली. पण टायर आणि इंधन ही जुळी भावंडे आहेत, हा धडा जगाला दिला तो दुसऱ्या महायुद्धाने. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले, आणि दोस्तांचा रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. त्या वर्षी अमेरिकेने देशभर पेट्रोलचे रेशनिंग लागू केले, ते मुख्यतः पेट्रोल वाचविण्यासाठी नव्हे, तर लोकांनी गाड्या कमी फिरवून टायर वाचवावेत म्हणून. वेगाची मर्यादाही ताशी ३५ मैलांवर आणली. आपल्याकडे पेट्रोलचा तुटवडा इतका की, ठिकठिकाणी मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून त्या चालवाव्या लागल्या. चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायचे, अशा गोष्टी जुन्या पिढीकडून आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत.

आता स्नेह्यांच्या वहीकडे वळू. रबर दाबले की दबते आणि सोडले की उठते. पण दाबताना जेवढी शक्ती घेते, तेवढी उठताना परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा जमिनीलगतचा भाग असा दबतो आणि उठतो. धावून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहावा. जो ऊबारा लागतो, त्यात आपले पेट्रोलही असते. नव्या टायरवर रबराचा थर जाड, म्हणून ही गळतीही अधिक. झिजलेला टायर त्या मानाने हलका पळतो. शिवाय झिजलेल्या चाकाचा घेर किंचित लहान होत असल्याने गाडीचे मोजयंत्र शंभरात एखाद-दोन किलोमीटर फुगवून दाखविते. स्नेह्यांच्या वहीतील जुने २२ हे पुरते २२ नव्हतेच!

ही गळती कमी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. १९९२ च्या सुमारास तिनेच रबरातील काजळीचा बराच भाग काढून त्या जागी सिलिका घातली. त्यामुळे टायर हलका पळू लागला आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकली. हायब्रिड मोटारीला याचे महत्त्व विशेष. १९९७ साली जपानात टोयोटाची प्रियस निघाली, आपल्याकडे २००८ साली होंडाने हायब्रिड आणली, आणि २०२२ पासून मध्यम किमतीच्या हायब्रिड मोटारी लातूर-नांदेडच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या. या गाडीची युक्ती अशी की, ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती विजेच्या रूपाने साठवून घेते. टायरमध्ये गेलेली शक्ती मात्र तिलाही परत मिळविता येत नाही. इतर गळती जितकी बुजते, तितकी चाकाची गळती डोळ्यांत भरते.

बाजारात टायर घेताना विचारायचे ते हेच, की एक टन भाराला याची ओढ किती. युरोपातील पट्टीवर ६.५ किलो किंवा त्याहून कमी ओढीच्या मोटारटायरला पहिला वर्ग मिळतो, आणि १०.६ च्या पुढचा शेवटच्या वर्गात जातो. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली टायरची ओढ, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांविषयीचे नियम अधिसूचित केले. ओढ एकदशांशाने कमी झाली की इंधन शेकडा एक ते दोन वाचते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे ९ किलो ओढीचा टायर सोडून ७ किलोचा घेतला, तर लिटरला २० जाणाऱ्या गाडीला ४०,००० किलोमीटरांत लागणाऱ्या २,००० लिटरांपैकी सुमारे ४० ते ८० लिटर वाचतील. लिटरला शंभर रुपये धरले तरी चार ते आठ हजार रुपये. चार टायरांच्या किमतीत याहून जास्त फरक असेल, तर तो हिशेब पैशाने जुळणार नाही. आणि केवळ ओढीवर भाळून ओल्या रस्त्यावर घसरणारा टायर घेणे म्हणजे अरुंद धावेची गाडी आषाढात काळ्या रानात घालणे. टायरचे माप आणि भार पेलण्याचा आकडा गाडी बनविणाऱ्याने सांगितला आहे तोच असावा, हे तर ओघानेच आले.

स्नेह्यांनी टायर घेऊन टाकलेच होते. ते बदलण्याचा सल्ला आम्ही दिला नाही. मात्र एक गोष्ट तपासली. आपल्याकडे अशी समजूत फार पसरली आहे की, उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी. हे अगदी उलटे आहे. हवा कमी असली की टायर अधिक दबतो, अधिक दबला की अधिक तापतो, आणि नांदेडच्या ४४ अंशांच्या उन्हात तो फुटण्याचे भय उलट वाढते. स्नेह्यांच्या टायरांत नव्याने बसविताना कोणीतरी हाच ‘उन्हाळी’ हिशेब केला होता. आम्ही पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, हवा मोजली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर ३३ चा आकडा छापलेला. चारही टायरांत २७ ते २८. ती पुरी भरून घेतली.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले ते वही घेऊनच. आकडा २१ च्या आसपास स्थिरावला होता. उरलेला किलोमीटर कोठे गेला, यावर आमची अजून चर्चा चालते. ते नव्या रबराला दोष देतात, आम्ही जुन्या फुगलेल्या आकड्याला. वहीच्या उजव्या कडेला त्यांनी आता पट्टीने एक नवा रकाना आखला आहे, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे : हवा.