कोपनहेगनची भुयारी टाकी

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब भाच्याकडे डेन्मार्कला गेलो होतो. राजवाडे, बंदर, बागा पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही पाणीखात्यातले. चला, तुम्हाला एक टाकी दाखवतो." फ्रेडरिक्सबर्गच्या राजवाड्यासमोर मोठी बाग आहे. तिथल्या हिरवळीवर काचेचे दोन पिरॅमिड दिसतात. त्यातूनच खाली जिना जातो.

वर लख्ख ऊन, खाली अंगावर स्वेटर. ओल, काळोख, खांबांच्या रांगा आणि छतातून टपटपणारे पाणी. चुना झिरपून छताला दगडी लोंब्या आल्या आहेत. बोललेला शब्द बराच वेळ घुमत राहतो. आमच्या मुलीने हळूच विचारले, "बाबा, हे देऊळ होतं का?"

देऊळ नव्हे, पण त्यामागे मोठे संकट होते. १८५३ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पटकीची साथ आली. तटबंदीच्या आत शहर दाटीने वसलेले. तळ्यांचे पाणी लाकडी नळांतून येई, त्यातून कधी वाम मासाही निघे. काही महिन्यांत जवळपास ५ हजार माणसे गेली. नव्या पाणीयोजनेची चर्चा आधीपासून होती, पण साथीनंतर चालढकल संपली. १८५९ मध्ये नवी योजना सुरू झाली. टेकडीवर पाणी चढवायचे आणि तिथून उताराने शहरात सोडायचे, असा हिशेब. त्यासाठी ही टाकी, सुमारे १ कोटी ६० लाख लिटरची. आरंभी ती उघडी होती, मध्ये कारंजे उडे. १८९० च्या सुमारास तिच्यावर छत घालून वर हिरवळ केली.

१९३३ मध्ये टाकी निवृत्त झाली आणि १९८१ मध्ये पूर्ण उपसली गेली. १९९६ मध्ये कोपनहेगन युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले, तेव्हा इथे प्रथम प्रदर्शन भरले. २००१ पासून काचकलेचे संग्रहालय होते आणि २०१३ पासून फ्रेडरिक्सबर्गच्या संग्रहालयांकडे कारभार आहे. ते कलावंतांना बोलावतात आणि सारी टाकीच त्यांच्या हवाली करतात. २०१७ मध्ये जपानी वास्तुकार हिरोशी सांबुइची यांनी आरशांनी सूर्यप्रकाश खाली आणला. पुढच्या वर्षी सुपरफ्लेक्स या डॅनिश गटाने टाकीत पुन्हा पाणी भरले, प्रेक्षक रबरी बूट घालून त्यातून फिरले. तोमास सारासेनो यांच्या प्रदर्शनात तर होडीतून फिरायचे होते.

आम्हाला तिथे आजी आठवली. मरीआईचा गाडा गावाबाहेर नेत, तेव्हा दारे लावून घ्यायची, असे ती सांगे. आपल्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी आजव्याला तलाव बांधला आणि १८९२ मध्ये शहराला नळाचे पाणी मिळाले. तेही उतारानेच येई, पंपाशिवाय. नळाला पाणी आले आणि वाड्यांतल्या विहिरी मागे पडल्या. आमच्या वाड्यातलीही. आधी तिच्यात निर्माल्य पडू लागले, मग कचरा, शेवटी वर स्लॅब आली आणि स्लॅबवर स्कूटर. तो स्लॅब घालण्याच्या बाजूने आम्हीही मत दिले होते, हे लपवत नाही. डास होत होते, मुले लहान होती.

त्या डॅनिश लोकांनाही टाकी बुजवणे सोपे होते. त्यांनी काय केले? दार ठेवले, दिवे लावले आणि आत बोलावले. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या वाड्यांत विहीर, हौद किंवा टाके अजून असेल. सगळ्यांचे कलादालन होणार नाही. पण बुजवण्याआधी एक फोटो काढावा, खोली मोजावी, कोणी खोदली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. पुढच्या अंकात मंडळाने ही टिपणे छापावीत. आमच्या विहिरीचे टिपण आम्ही देऊ. फोटो मात्र नाही, तो काढायचा राहूनच गेला.