पंधरा एप्रिलचा अहवाल

अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक अमेरिकन कंपनीला वर्षातून एकदा आपली महत्त्वाची माहिती सरकारी नियामकाकडे जाहीर करावी लागते. त्या अहवालाला ‘टेन-के’ म्हणतात. तोटा किती, कर्ज किती, खटले किती चालू आहेत, वरच्या अधिकाऱ्यांना काय देऊ केलं आहे, हे त्यात येतं. अमेरिकन एअरलाइन्सची मालक कंपनी एएमआर कॉर्पोरेशन ही टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची. तिचा २००२ सालचा टेन-के दाखल करायची मुदत ३१ मार्च २००३ रोजी संपत होती. कंपनीने तो त्या मुदतीत दिला नाही. नियमात असलेली पंधरा दिवसांची सवलत तिने घेतली आणि अहवाल १५ एप्रिलला दाखल झाला. मधल्या पंधरवड्यात काय घडलं, हे तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की स्पष्ट दिसतं.

त्याच ३१ मार्चला कंपनीने जाहीर केलं, की तिन्ही युनियनच्या नेत्यांशी पगारकपातीचा तात्पुरता समझोता झाला आहे. दिवाळखोरीचा अर्ज तयारच होता, समझोता झाला नसता तर तो कोर्टात गेला असता. आकडे मोठे होते. पायलटांकडून वर्षाला ६६ कोटी डॉलर, मेकॅनिक आणि ग्राउंड स्टाफकडून ६२ कोटी, फ्लाइट अटेंडंटकडून ३४ कोटी. तीन युनियन मिळून १ अब्ज ६२ कोटी. त्यात व्यवस्थापन आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे १० कोटी आणि तिकीट काउंटरवरच्या एजंटांचे ८ कोटी धरले, की वर्षाची बेरीज १ अब्ज ८० कोटी डॉलर होते. माणशी हिशेब केला तर फ्लाइट अटेंडंटचा पगार १५.६ टक्क्यांनी आणि पायलटांचा २३ टक्क्यांनी खाली येणार होता. शिवाय हजारोंच्या नोकऱ्या जायच्या होत्या. हा समझोता सदस्यांच्या मतदानाने पक्का व्हायचा होता, आणि मतदान १५ एप्रिलला संपणार होतं.

कंपनी संकटात होती याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. २००२ चा तोटा साडेतीन अब्ज डॉलर होता आणि २००३ च्या पहिल्या तिमाहीत आणखी १ अब्ज ४ कोटी बुडाले. इराकचं युद्ध मार्चमध्ये सुरू झालं आणि प्रवासी आणखी कमी झाले. कपात खोट्या कारणाने मागितली गेली असं कागद म्हणत नाहीत, आणि मीही म्हणत नाही.

पण ही कपात ज्यांच्याकडून मागितली जात होती, ती माणसं कोण होती, तेही नोंदवायला हवं. ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या चार विमानांपैकी दोन याच कंपनीची होती, फ्लाइट ११ आणि फ्लाइट ७७. अपहरण झालं आहे ही पहिली खबर जमिनीवर पोचवली ती फ्लाइट ११ मधल्या बेटी ओंग आणि एमी स्वीनी या दोन फ्लाइट अटेंडंटनी. ओंग यांनी विमानाच्या मागच्या भागातून नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी इथल्या रिझर्व्हेशन ऑफिसला फोन लावला. त्या संभाषणातली पहिली काही मिनिटं ध्वनिमुद्रित झाली आणि पुढे चौकशी आयोगासमोर ऐकवली गेली. दोन महिन्यांनी, १२ नोव्हेंबरला, कंपनीचं फ्लाइट ५८७ न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये कोसळलं. २२ डिसेंबरला पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या फ्लाइट ६३ मध्ये एका प्रवाशाने बुटातला बॉम्ब पेटवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला रोखायला सगळ्यात आधी पुढे झाल्या त्या फ्लाइट अटेंडंटच. पंधरा महिन्यांनंतर याच युनिफॉर्ममधल्या लोकांसमोर पगारकपातीचं मतदान ठेवलं गेलं.

१५ एप्रिल, मंगळवार. पायलटांनी समझोता मंजूर केला. मेकॅनिक आणि ग्राउंड स्टाफच्या युनियननेही केला. फ्लाइट अटेंडंटनी मात्र थोडक्या मतांनी फेटाळला. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. मतदानाची मुदत एका दिवसाने वाढवली गेली, आणि १६ एप्रिलला निकाल फिरला. तिन्ही युनियन तयार झाल्या.

टेन-के दाखल झाला तो याच मंगळवारी उशिरा. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर फ्लाइट अटेंडंटचं वाढीव मतदान चालू असताना तो कागद सार्वजनिक होता. पण सार्वजनिक असणं आणि माहीत असणं यांत मोठं अंतर असतं. नियामकाकडे आदल्या संध्याकाळी पोचलेला जाडजूड अहवाल दुसऱ्या दिवशी विमानात ट्रॉली ढकलणाऱ्या बाईने वाचलेला असेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मजकुराची बातमी झाली ती १७ एप्रिलला, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मुळे. तोवर मतं मोजून झाली होती.

अहवालात दोन गोष्टी होत्या. एक, चेअरमन आणि सीईओ डोनाल्ड कार्टी आणि वरचे मोजके अधिकारी २००५ च्या जानेवारीपर्यंत कंपनीत टिकून राहिले, तर त्यांना मूळ पगाराच्या दुप्पट बोनस. कार्टींच्या वाट्याला यातून सुमारे १६ लाख डॉलर आले असते. दोन, ४५ अधिकाऱ्यांच्या जादा पेन्शनसाठी ऑक्टोबर २००२ मध्ये वेगळ्या ट्रस्टमध्ये भरलेले ४ कोटी १० लाख डॉलर.

गाजावाजा झाला तो बोनसचा, कारण तो समजायला सोपा आहे. माझ्या मते गंभीर कागद दुसरा. अमेरिकेत साध्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेला सरकारी विमा असतो, पण त्याला मर्यादा आहे. २००३ मध्ये ती ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी वर्षाला सुमारे ४४ हजार डॉलर होती. पायलटांना तेव्हा कायद्यानेच साठीला निवृत्त व्हावं लागे, आणि त्या वयाला मर्यादा उतरून साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास येई. कंपनी बुडाली आणि योजना मोडली, तर वरची रक्कम जाण्याची भीती. अधिकाऱ्यांच्या जादा पेन्शनला हा विमाही नसतो, ते कंपनीचं नुसतं वचन असतं. दिवाळखोरी झाली की असे अधिकारी इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहतात. पैसा आधीच वेगळ्या ट्रस्टमध्ये काढून ठेवला, की त्या रांगेतून सुटका होते. थोडक्यात, ज्या दिवाळखोरीचं भय समोर ठेवून कर्मचाऱ्यांकडून मतं मागितली जात होती, त्या दिवाळखोरीपासून वरच्या ४५ जणांनी सहा महिने आधी स्वतःची सोय करून घेतली होती. हे लक्षात आलं की कपातीचा हिशेब बरोबर होता की चूक, हा प्रश्न मागे पडतो. मतदार आणि मत मागणारे एकाच धोक्यात नव्हते, आणि मतदारांना ते सांगितलं गेलं नाही.

अशी सोय करणारी ही एकटी कंपनी नव्हती. डेल्टा एअरलाइन्सनेही २००२ मध्ये ३३ अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी ट्रस्टमध्ये अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरल्याचं २००३ च्या मार्चमध्ये उघड झालं. युएस एअरवेजच्या पायलटांची पेन्शन योजना ३१ मार्च २००३ पासून मोडीत निघाली. तीच तारीख, ज्या दिवशी फोर्ट वर्थमध्ये समझोता जाहीर झाला. अमेरिकनच्या पायलटांना शेजारच्या कंपनीत काय घडलं ते दिसत होतं, आणि त्यांच्या मतामागे ती भीती असावी.

अहवाल मुद्दाम लांबवला का? उशिराचा अर्ज स्वतः होऊन हेतू सांगत नाही. कंपनी दिवाळखोरीत जाते की समझोता होतो हे ३१ मार्चला अधांतरी असताना वर्षाचा हिशेब पुरा करणं अवघड होतं, हे मान्य करायला हवं. पण बोनस आणि ट्रस्ट यांचा निर्णय आधीच झालेला होता. तो युनियनच्या नेत्यांना बोलणीच्या टेबलावर सांगायला अहवालाची गरज नव्हती, एक वाक्य पुरलं असतं. कार्टींनी पुढे माफी मागितली ती याच मुद्द्यावर, की हे आपण त्यांना स्पष्टपणे सांगितलं नाही. म्हणून मी लांबलेल्या अहवालापेक्षा न उच्चारलेल्या त्या वाक्याला अधिक जबाबदार धरतो.

पुढचे दिवस वेगाने गेले. १८ एप्रिलला बोनस रद्द झाले. ट्रस्ट मात्र तसाच राहिला, आणि राग तिथेच धुमसत राहिला. युनियनमध्ये फेरमतदानाची मागणी उठली, दिवाळखोरी पुन्हा दारात आली. २४ एप्रिलला संचालक मंडळाच्या बैठकीनंतर कार्टींनी राजीनामा दिला. जेरार्ड आर्पी सीईओ झाले, एडवर्ड ब्रेनन चेअरमन. दुसऱ्या दिवशी सुधारलेला करार पक्का झाला. त्याची मुदत सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आली होती. पगाराचे आकडे बदलले नाहीत. १५.६ टक्के ते १५.६ टक्केच राहिले.

आर्पींना कर्मचाऱ्यांचा विश्वास परत मिळवायचा होता, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांनी त्यासाठी मनापासून खटपट केली, असं माझं मत आहे. पण २००६ मध्ये शेअरच्या भावाशी जोडलेली बक्षिसं व्यवस्थापकांना वाटली गेली तेव्हा कर्मचारी अजून २००३ च्याच करारावर काम करत होते, आणि त्यांनी निषेध केला. या वेळी लपवलेलं काही नव्हतं. योजना जाहीर होती, नियमांत बसणारी होती. तरी जखम तीच होती. वरच्यांचं बक्षीस शेअरबरोबर वर जात होतं, खालच्यांचा त्याग करारात गोठलेला होता.

एएमआरने दिवाळखोरीचा अर्ज केला तो २९ नोव्हेंबर २०११ ला, आणि आर्पी त्याच दिवशी निवृत्त झाले. त्यानंतर कंपनीने कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजना मोडायचा प्रस्ताव कोर्टापुढे ठेवला. सरकारी पेन्शन विमा संस्थेने जोरदार विरोध केला. मार्च २०१२ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि पायलट सोडून इतरांच्या योजना मोडण्याऐवजी गोठवायचं ठरवलं. आधी कमावलेली पेन्शन त्यांच्या हातात राहिली, पुढची वाढ थांबली.