टाकोळी आणि संपत्तीवरील कर

अतिधनिकांच्या संपत्तीवर भारी कर बसवावा कीं नाहीं, हा वाद आज जगभर चालला आहे. चांदा मुलुखास मात्र तो अगदींच नवा नाहीं.

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. तेथील अरण्याचा मोठा भाग जमीनदारांकडे असे. अहेरीची जमीनदारी त्यांत सर्वांत मोठी. तिचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक होता. जमीनदार सरकारास जें देणें देत, त्यास टाकोळी म्हणत. रानांत वाट नव्हती, लांकडास गिऱ्हाईक नव्हतें, तोंवर ही टाकोळी हलकी असणें रास्तच होतें. पुढें आगगाडी आली आणि सागास मोल चढलें. टाकोळी मात्र त्या मानानें चढली नाहीं. साग वाढतो तो पावसानें; त्याचा भाव वाढला तो सरकारी लोहमार्गानें. मग त्या वाढीचा वांटा समाजानें कां मागूं नये? संपत्तिकराच्या पुरस्कर्त्यांचा मूळ मुद्दा हाच आहे.

हा जिल्हा मध्य प्रदेशांत असतां, ३१ मार्च १९५१ रोजीं जमीनदाऱ्या कायद्यानें संपल्या व मालकांस भरपाई ठरली. देशानें पुढें कराची वाट धरली. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां १९५३ सालीं मृत्युकर आला, १९५७ सालीं संपत्तिकर. मृत्युकराचा वरचा दर कालांतरानें शेंकडा ८५ पर्यंत गेला. तरी वसूल वर्षाकांठीं सुमारें २० कोटी रुपयेच! १९८५ सालीं तो रद्द झाला, आणि संपत्तिकर २०१५ च्या अंदाजपत्रकानें गेला. दर चढविल्यानें वसूल चढतोच असें नाहीं. मालमत्तेचें मोल ठरविणें अवघड, आणि पळवाटा पुष्कळ. विरोधकांचा हा आक्षेप पोकळ नाहीं.

परंतु चांद्याचा इतिहास आणखी एक प्रश्न विचारतो. जमीनदाराचें रान सरकारजमा झालें, तरी त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड-माडियांच्या पदरांत काय पडलें? लांकूड व बांबू यांवर खात्याची सत्ता आली. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवास सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ सालीं, आणि आपला बांबू स्वतः विकण्याची मोकळीक २०११ सालीं. म्हणजे जमीनदारी गेल्यावर साठ वर्षांनीं.

धनिकाकडून किती घ्यावें, यावर वाद अवश्य व्हावा. पण घेतलेलें कोणाच्या दारीं पोंचलें, याचा हिशेब मांडल्यावांचून तो वाद पुरा होत नाहीं.