कल्याणची पावती

आजोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा सापडला. आजोबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि घर बदलापूरला, कुळगावात. जुन्या पावत्यांवर नगरपालिकेचं नाव होतं, मधल्या काही वर्षांच्या पावत्यांवर ‘कल्याण महानगरपालिका’ आणि त्यानंतर पुन्हा ‘कुळगाव-बदलापूर नगरपरिषद’. घर तेच, दार तेच, मालक तोच. आईला विचारलं तर म्हणाली, “हो, तेव्हा आपण कल्याणमध्ये होतो.” जणू काही वर्षं आम्ही सामान उचलून तिकडे राहायला गेलो होतो.

मी या गावात वाढले, इथूनच इंजिनीअरिंगला गेले, गेली सहा वर्षं इथूनच ऐरोलीला नोकरीला जाते. तरी आपण एकेकाळी एका महापालिकेचा भाग होतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या गठ्ठ्यामुळे मी शोधू लागले.

कर्जत लोकलने कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं लागतात. एक शहर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे आता खिडकीतून कळत नाही. पण तिघांची कुळं निराळी. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं शिवमंदिर आहे. आधुनिक शहर मात्र आगपेट्यांचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसीने वाढवलं. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून ठेवलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिची पायाभरणी केली, आणि आजही तिथले पत्ते ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगितले जातात. बदलापूर या दोघांच्या मागे, नदीकाठचं भातशेतीचं गाव. मुंबईत, मग डोंबिवलीत जागा परवडेनाशी झाली तसा लोंढा इथवर आला. २००१ च्या जनगणनेत आम्ही लाखाच्या आत होतो, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर आणि आजूबाजूची ८१ गावं मिळून कल्याण महानगरपालिका झाली. उल्हासनगर बाहेर राहिलं. नकाशा पाहिला की हे फार चमत्कारिक दिसतं, कारण कल्याणहून अंबरनाथला जायचं तर रस्ता असो की रूळ, मध्ये उल्हासनगर येतंच. महापालिकेचा एक तुकडा इकडे, दुसरा तिकडे, आणि मध्ये वेगळी नगरपालिका. कागदावर कारण समजण्यासारखं होतं. १९७३ साली मंजूर झालेल्या मुंबई महानगर प्रदेशाच्या पहिल्या प्रादेशिक योजनेपासून कल्याणचा सगळा पट्टा वाढीचं एक केंद्र म्हणून पाहिला जात होता, आणि पाणी, रस्ते, सांडपाणी ही कामं छोट्या नगरपालिकांच्या खिशाबाहेरची होती. मोठी संस्था केली की मोठा निधी, मोठा अधिकारी, मोठी योजना, असा हिशोब.

पण या इतिहासातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट अशी की या महापालिकेची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९९५ मध्ये. तोवर सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. अंबरनाथ आणि बदलापूर १९९२ मध्येच बाहेर पडून पुन्हा नगरपरिषदा झाले होते. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं आम्ही ज्या महापालिकेत होतो, तिच्या सभागृहात बदलापूरचा एकही निवडून आलेला माणूस कधी बसला नाही. आजोबांनी तिला पट्टी भरली, मत कधीच दिलं नाही. एकत्र येण्याचा प्रयोग फसला असं सहज म्हटलं जातं. माझं म्हणणं असं की तो प्रयोग झालाच नाही. चार गावं एका कार्यालयाखाली आणली गेली, चार गावांनी एका टेबलाभोवती बसायचं मात्र राहून गेलं.

८१ गावांचीही हीच कथा. त्यातली २७ गावं २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये परत घेतली. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा वगळण्याची अधिसूचना निघाली, ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. आमच्या कामात एखादा बदल आत-बाहेर, आत-बाहेर व्हायला लागला की आम्ही थांबतो आणि विचारतो, मुळात आपल्याला काय हवं होतं?

उल्हासनगरची १९९६ मध्ये स्वतंत्र महापालिका झाली. तेव्हापासून एका लोकलच्या चार स्टेशनांवर दोन महापालिका आणि दोन नगरपरिषदा अशी मांडणी आहे. तिन्ही शहरांची मिळून एक महापालिका करावी ही चर्चा मधूनमधून निघते आणि विरते. उल्हासनगरला वाटतं आपलं नाव जाईल, अंबरनाथला वाटतं मुख्यालय जाईल. आम्हा बदलापूरकरांना वाटतं की आपण कायम शेवटचं स्टेशन राहू. या भीत्या मी हसण्यावारी नेत नाही. पावत्यांचा गठ्ठा पाहिल्यावर तर नाहीच.

गंमत म्हणजे एकत्र कारभार तर आजही चालूच आहे, फक्त तो आपल्याला दिसत नाही. बारवी धरण एमआयडीसीचं. त्याचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन उल्हासनगरसह अनेक शहरांना जातं. बदलापूर आणि अंबरनाथला पाणी देतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, तेही बदलापूरच्या बॅरेजवर उल्हास नदीतून उचलून. आणि उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहते, त्यात मोठा वाटा मावळातल्या टाटांच्या आंध्र धरणाचा. भिवपुरीला वीज तयार करून ते पाणी खाली नदीत सोडलं जातं. अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालच्या गावांचा २००५ साली मंजूर झालेला विकास आराखडाही एकच, एमएमआरडीएने केलेला. नळ, नदी, नकाशा सगळं सामाईक. फक्त यातल्या कुठल्याच संस्थेत मी माझा नगरसेवक पाठवत नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने यावर एक उत्तर लिहून ठेवलं आहे: महानगर नियोजन समिती, जिच्यातले किमान दोन तृतीयांश सदस्य त्या प्रदेशातल्या नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे. सर्वसामान्य बदलापूरकराला तिचं नावही माहीत नाही, आणि मलाही नव्हतं. यापेक्षा साधा रस्ताही आहे. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून, त्यातली कित्येक आपल्या ग्रामपंचायतीएवढी. त्यांनी आपलं नाव, आपला महापौर सोडला नाही. १८९० च्या कायद्यापासून शेजारच्या कम्यून पाणी किंवा कचरा अशा एकेका कामापुरता संघ करत आल्या आहेत. आपल्या शेजारी ‘स्टेम’ आहे: ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि ठाणे जिल्हा परिषद यांची पाण्यापुरती सामाईक कंपनी. तिच्यासाठी कुणाला कुणात विलीन व्हावं लागलं नाही.

अशा संस्थेची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल, तर वालधुनीला. ही नदी अंबरनाथमागच्या डोंगरात उगम पावते. काकोळ्याला जीआयपी रेल्वेने तिच्यावर धरण बांधलं, आणि त्या पाण्यावर आज रेल नीरचा बाटल्या भरण्याचा कारखाना चालतो. तिथून ती शिवमंदिराला खेटून जाते, एमआयडीसी आणि शहराचं सांडपाणी पोटात घेते, उल्हासनगर ओलांडते, कल्याणला खाडीला मिळते. मी एका रविवारी काकोळ्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत जमेल तितकं तिच्या काठाने फिरले. वर पाण्यात तळाचे दगड दिसतात, खाली पाण्याला रंग असतो. लांबी एवढीशी, पण तेवढ्यात ती तीन स्थानिक संस्था बदलते, आणि प्रत्येकीच्या हद्दीत घाण ‘वरून आलेली’ असते.

२०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस एका रात्री उल्हासनगरमध्ये कुणीतरी टँकरमधलं रसायन वालधुनीत सोडलं. वायू पसरला, शेकडो माणसं रुग्णालयांत गेली. माझी कॉलेजातली मैत्रीण त्यांतली एक. ती सांगते, आधी वाटलं घरातला गॅस लीक होतोय, म्हणून आजीने सगळ्या खिडक्या उघडल्या. खिडक्या नदीच्या बाजूला होत्या.

आता कचरा. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर यांचा कचरा एकत्र हाताळणारा प्रकल्प बदलापूरजवळच्या वालिवलीत करायचं ठरलं. तिघांनी मिळून करायच्या कामाची यापेक्षा चांगली सुरुवात असू शकत नाही, असं मला वाटलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र पहिला मेसेज होता, “उल्हासनगरचा कचरा आपल्या दारात का?” त्याखाली अंगठ्यांची रांग. मी लिहिलं की आपण पितो त्या पाण्यासाठी कुणाची तरी गावं धरणात बुडाली आहेत, तेव्हा सामाईक कामात कुठेतरी आपलीही जमीन जाणारच. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, “ते सगळं ठीक आहे गं, पण उद्या वास आला तर तक्रार कुणाकडे करायची? नगरपरिषदेत, उल्हासनगरला, की मंत्रालयात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२० मध्ये आमच्या आणि अंबरनाथच्या नगरपरिषदेची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक झाली ती २०२५ च्या डिसेंबरात. मधली पाच वर्षं पुन्हा प्रशासक. त्या वर्षांच्या पावत्या मी आजोबांच्या गठ्ठ्यात, कल्याणच्या पावत्यांच्या शेजारी ठेवल्या आहेत.