आयर्विनचे आकडे आणि भिंतीवरची रेघ

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच : "किती आहे?" काय किती, हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाशी कृष्णा किती फुटांवर आहे, तेच विचारलेलं असतं. पूल १९२९ सालचा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पाणी आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडे शिरतं, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे.

माझं आजोळ शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. तिथे फूट कुणी मोजत नसे. नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडलं, की दूरदूरचे भाविक स्नानाला यायचे. आजी मात्र त्या दिवशी कामाला लागायची. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. देव हलला, आता आपणही हलायचं, एवढं तिचं सरळ गणित. सगळ्यांत आधी जनावरं माळावर जायची. मग धान्य माळ्यावर. आणि धान्याच्याही वर, कौलांना टेकतील अशा रचलेल्या शेणी आणि सरपण. पूर ओसरल्यावर गावभर कोरडी काडी मिळत नाही. ज्वारी वाचली तरी भाकरी कशावर भाजणार? मीठ आणि काडेपेटी बरणीत, बरणीच्या तोंडाला घट्ट फडकं. नाव नसली तर गुऱ्हाळाची काहील पाण्यात ढकलून माणसं पलीकडे काढत. उंच जोती, जाड तुळयांचे माळे ही काठावरच्या घरांची हौस नव्हती, गरज होती.

मग २००५चा पूर आला. आयर्विनला पाणी चौपन्न फुटांच्या आसपास गेलं. ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली, काहींनी ती रंगाने पक्की केली. माझ्या मते पुढचा घात त्या रेघेनेच केला. नवी दुकानं, कपाटं, इन्व्हर्टर, सगळं तिच्या वर वीतभर बसवलं गेलं. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर चढलं. "पाचच्या पुरात इथवर आलं नव्हतं," म्हणत माणसं वरच्या मजल्यावर थांबली आणि दिवसेंदिवस तिथेच अडकली. ब्रह्मनाळला बाहेर पडणाऱ्यांची नाव उलटली, माणसं बुडाली.

आजीने कधी मागच्या पुराची उंची विचारली नाही. ती विचारायची, "चढतंय का थांबलंय? वर पाऊस आहे का?" वर म्हणजे घाटमाथ्यावर. आज त्यात कोयनेचा आणि वारणेचा विसर्ग मिळवायचा आणि पुढे अलमट्टीतून पाणी किती सोडताहेत तेही बघायचं. प्रश्न मात्र तोच ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं.

२०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. आमच्या मामेभावाने आकडा चाळिशीला पोचायच्या आतच म्हशी पाहुण्यांच्या गोठ्यात नेऊन बांधल्या, वैरणीसकट.