नारायण मल्हार जोशी, काका बॅप्टिस्टा आणि रेल्वे-कामकऱ्याचा रविवार

आपल्या दौंडचा इतिहास आगगाडीपासून सुरू होतो असें म्हटल्यास भीमेकांठच्या जुन्या घराण्यांस तें रुचणार नाहीं. आणि त्यांची तक्रार वाजवीही ठरेल, कारण गांव रुळांपेक्षां पुष्कळ जुना आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचा येथील इतिहास मात्र रुळांवरूनच आला, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. १८५८ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून दौंडावरून पुढें गेला. १८७८ त मनमाडकडील रस्ता येथें येऊन मिळाला आणि दौंड जंक्शन झालें. १९१४ त बारामतीची लहान गाडी सुरू झाली. त्या काळीं इंग्रज अधिकारी स्टेशनाचें नांव ‘धोंड’ असें लिहीत. नांवाचा असा दगड झाला तरी गांवानें तो पुष्कळ वर्षें निमूटपणें सोसला.

मनमाडच्या रस्त्याचें मातीकाम बऱ्याच अंशीं १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळांत, दुष्काळी कामावरील मजुरांच्या हातून झालें, ही गोष्ट स्मरणांत ठेवण्याजोगी आहे. त्याच दुष्काळांत सरकारनें मजुरी कमी केली, तेव्हां इलाख्यांत हजारों मजुरांनीं काम टाकून दिलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची कड घेऊन सरकाराशीं लिखापढी केली. उपाशी मनुष्य काम टाकतो तेव्हां त्याचें दुःख कोणत्या थरास गेलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांच्या वतीनें बोलणारा एकही सभासद तेव्हां कायदेमंडळांत नव्हता. तसा मनुष्य मिळण्यास आणखी चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं.

तो मनुष्य म्हणजे नारायण मल्हार जोशी. यांचा जन्म ५ जून १८७९ रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील (सध्यांचा रायगड) गोरेगांव येथें झाला. पुण्यास डेक्कन कॉलेजांत शिक्षण, कांहीं वर्षें शिक्षकी, नंतर १९०९ त नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजांत प्रवेश, १९११ त मुंबईस सोशल सर्व्हिस लीगची स्थापना. येथवरचें चरित्र अनेक सत्प्रवृत्त माणसांचें असतें तसेंच आहे. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली व हिंदुस्थानच्या कामकऱ्यांचे प्रतिनिधि म्हणून सरकारनें जोशी यांस धाडलें. त्यांस निवडून देणारी कामकऱ्यांची अशी एकही देशव्यापी संस्था तेव्हां नव्हती, आणि ही उणीव पुढें टोंचूं लागली.

ती भरून काढण्यासाठीं ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईस एम्पायर थिएटरांत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन झालें. अध्यक्ष लाला लजपतराय. आणि उपाध्यक्ष आपले जोसेफ बॅप्टिस्टा. ‘आपले’ हा शब्द लिहितांना लेखणी क्षणभर थबकते, कारण काकांनीं स्वतःस एका समाजापुरतें कधीं ठेविलें नाहीं. घराणें मूळचें उत्तनचें, जन्म १७ मार्च १८६४ चा, बालपण माझगांवांत. इंजिनियरीचें शिक्षण पुण्यास व कायद्याचें केंब्रिजला. लोकमान्य टिळकांचे ते स्नेही व कायद्याच्या कामांतील साह्यकर्ते होते, आणि १९१६ त लोकमान्यांनीं होमरूल लीग स्थापिली तेव्हां तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. १९१७ त विलायतेस जाऊन तेथील मजूर पक्षाच्या मंडळींस त्यांनीं हिंदुस्थानचें गाऱ्हाणें समजावून सांगितलें. १९२१ त झरिया येथील ट्रेड युनियन काँग्रेसचें अध्यक्षपद, १९२४ त जिनीव्हाच्या मजूर परिषदेंत कामकऱ्यांचें प्रतिनिधित्व, १९२५ त मुंबईचें महापौरपद. आणि १९३० त देहान्त. एका माथारपाखाडीच्या कॅथॉलिक गृहस्थास गिरणीकामगार व टपालवाले ‘काका’ म्हणत, यापेक्षां मोठी पदवी ती कोणती?

आतां जोशी यांच्या कायदेमंडळांतील कामाकडे वळूं. १९२१ पासून १९४७ पर्यंत ते मध्यवर्ती असेंब्लींत मजुरांच्या वतीनें बसले. परंतु ते निवडून आलेले नव्हते. सरकारनें नेमलेले होते. कामकऱ्यास मत नव्हतें, म्हणून त्याचा प्रतिनिधि सरकारनेंच नेमावयाचा, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. यामुळें दोन्ही बाजूंनीं त्यांस बोल लागे. सरकारी बांकांस ते हट्टी वाटत, आणि चळवळींतील तरुणांस सरकारच्या खुर्चीवर बसलेले वाटत. पाठीशीं मतांचें बळ नाहीं, पक्ष नाहीं. होती ती केवळ माहिती आणि चिकाटी.

१९२१ च्या मार्चमध्यें त्यांनीं ठराव मांडला कीं, कामकऱ्यांच्या संघांची नोंदणी व संरक्षण यांसाठीं सरकारनें कायदा करावा. मद्रासेस नुकताच असा प्रकार घडला होता कीं, एका गिरणी-कंपनीनें संघाचे पुढारी वाडिया यांजवर दावा लावून हायकोर्टाकडून मनाई-हुकूम मिळविला होता. संघ काढणें हाच जर नुकसानीच्या दाव्याचा विषय होऊं लागला, तर गरीब मनुष्यानें एकत्र यावें तरी कसें? ठराव संमत झाला. कायदा व्हावयास मात्र १९२६ साल उजाडलें. सात माणसांनीं अर्ज करून संघाची नोंदणी करतां यावी आणि संपाबद्दल नोंदलेल्या संघावर दिवाणी दावा चालूं नये, हा त्यांतील गाभा.

तत्पूर्वींच, १९२३ त, कामकरी नुकसानभरपाईचा कायदा झाला व तो १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. यार्डांत दोन डब्यांच्या मध्यें सांपडून सांधेवाला किंवा जोडणी करणारा खलाशी दगावला, तर पूर्वीं त्याच्या घरच्यांस साहेबाची मर्जी असेल तेवढेंच मिळे. या कायद्यानें मृत्यूबद्दल तीस महिन्यांचें वेतन, अथवा अडीच हजार रुपये, यांपैकीं जें कमी तें देणें बंधनकारक केलें. दरमहा वीस रुपये मिळविणाऱ्याच्या विधवेस म्हणजे सहाशें रुपये. कायमचें संपूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचें वेतन. त्याच हिशेबानें आठशें चाळीस रुपये. रक्कम थोडी खरी. पण मृत्यूची भरपाई परस्पर न देतां कमिशनरकडे भरली पाहिजे, ही अट फार शहाणपणाची होती. अंगठा उठविणाऱ्या बाईच्या हातांत काय पडतें आणि कागदावर काय लिहिलें जातें, यांतील अंतर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तिचें मोल निराळें सांगावयास नको.

पराभवही झाले. बाळंतपणाच्या दिवसांत कामकरी स्त्रीस भत्ता मिळावा म्हणून जोशी यांनीं १९२४ त बिल आणिलें. असेंब्लीनें १९२५ त तें नामंजूर केलें. पुढें मुंबई कायदेकौन्सिलांत आसवले यांनीं तोच विषय हातीं घेतला, डॉ. आंबेडकर यांनीं १९२८ त त्यास जोराचा पाठिंबा दिला, आणि १९२९ त मुंबई इलाख्यापुरता तो कायदा झाला. दिल्लीस पडलेलें बीं मुंबईस उगवलें, असेंच म्हणावयाचें.

आपल्या वस्तीशीं ज्याचा अगदीं जवळचा संबंध, तो कायदा १९३० चा. वॉशिंग्टनच्या करारांत कामाच्या तासांची मर्यादा होती. १९२१ च्या जिनीव्हाच्या करारांत साप्ताहिक विश्रांति होती. कारखान्यांस साठ तासांचा आठवडा १९२२ त लागू झाला. रेल्वेच्या माणसास मात्र आणखी आठ वर्षें वाट पाहावी लागली. त्या १९३० च्या फेब्रुवारींत जी. आय. पी. रेल्वेवर मोठा संप झाला व तो कामकऱ्यांच्या अंगावर आला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. नव्या कायद्यानें महिन्याच्या सरासरीनें आठवड्यास साठ तास आणि रविवारापासून सुरू होणाऱ्या प्रत्येक आठवड्यांत सलग चोवीस तासांची विश्रांति ठरविली.

परंतु त्यांत एक मेख होती. ज्याच्या कामांत दीर्घकाळ हातपाय हालविण्याची अथवा सतत लक्ष देण्याची गरज पडत नाहीं, त्याचें काम ‘खंडित’ ठरविण्याची मुभा अधिकाऱ्यांस होती. अशा नोकरास आठवड्यास चौऱ्याऐंशी तास, आणि साप्ताहिक विश्रांति नाहीं! आडगांवच्या फाटकावरील गेटवाला घ्या. दोन गाड्यांच्या मध्यें तो बसलेला दिसतो हें खरें. पण तो उठून जाऊं शकतो काय? शेतांतला मनुष्य बांधावर बसला तर तो विसांवा घेतो. गेटवाला बसला तर तो पहारा करतो. चौऱ्याऐंशी तास म्हणजे सातही दिवस बारा बारा तास. अशा घरांतील बायकामुलें आदितवारीं मिस्साला येत, आणि घरधनी फाटकावर असे.

येथें आपल्या पवित्र सभेची शिकवण आठवते. तेरावे लिओ पोप यांनीं १५ मे १८९१ रोजीं कामकऱ्यांच्या स्थितीविषयीं जें परिपत्रक काढिलें, त्यांत रविवारची विश्रांति ही मालकाची मेहेरबानी नसून, देवाप्रति मनुष्याचें जें कर्तव्य त्यांतून ती निघते, असें प्रतिपादन आहे. तें परिपत्रक निघाल्यास एकोणचाळीस वर्षें लोटल्यावर कायदा आला, आणि तोही अर्धवट. आपणही याबाबतींत फारसे पुढें नव्हतों, हें कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल. रेल्वेवर वरच्या जागा बहुशः युरोपियन व अँग्लो-इंडियन यांजकडे असत. ड्रायव्हर आणि इंजिन पुसणारा एकाच वेदीसमोर गुडघे टेकीत, परंतु त्यांचे पगार, त्यांचीं घरें आणि त्यांचे संघ यांत जमीन-अस्मानाचें अंतर राही.

जोशी यांच्या बाजूनें एक शब्द. १९२९ त व्हिटले कमिशन नेमलें गेलें व ते त्याचे सभासद झाले. नागपूरच्या अधिवेशनांत बहुमतानें कमिशनवर बहिष्कार ठरविला, तेव्हां स्वतः उभारलेली संस्था त्यांस सोडावी लागली. प्रस्तुत लेखकास बहिष्कार घालणारांची तळमळ समजते. परंतु १९३६ चा वेतन-कायदा जो झाला तो या कमिशनच्या शिफारशींवरून झाला. त्या कायद्यानें दंडास रुपयामागें अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, म्हणजे वीस रुपये वेतनावर फार तर दहा आणे. आणि रेल्वेसारख्या मोठ्या आस्थापनांस मुदत संपल्यावर दहा दिवसांचे आंत पगार देणें भाग पाडिलें. ज्याच्या घरीं वाण्याची उधारी महिनाअखेर थांबते, त्यास हे दहा दिवस म्हणजे काय तें ठाऊक आहे. जोशी पुढें ट्रेड युनियन काँग्रेसमध्यें परतले, तिचे सरचिटणीस झाले, आणि ३० मे १९५५ रोजीं वारले.

तासांचा प्रश्न १९४७ त न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या निवाड्यानें पुढें सरकला: नेहमींच्या कामास चौपन्न तास, अति श्रमाच्या कामास पंचेचाळीस, खंडित कामास पंचाहत्तर. २०१९ व २०२० सालीं संसदेनें चार संहिता मंजूर करून भरपाई, वेतन व संघ यांविषयींचे ते जुने कायदे त्यांत सामावून घेतले. रेल्वेच्या तासांचा विषय १९८९ च्या रेल्वे कायद्यांत आहे. त्या कायद्यानें इतर नोकरांस दर आठवड्यास सलग तीस तासांची विश्रांति दिली, आणि खंडित काम करणाऱ्या गेटवाल्यासही सलग चोवीस तास, त्यांत एक पुरी रात्र.