वृद्धिवर्धक औषधे व पशूंची प्रतिरक्षा

रोग बरा करण्यासाठी नव्हे, तर जनावराचे वा कोंबडीचे वजन लवकर वाढावे म्हणून खाद्यातून, टोचून अथवा कातडीखाली गोळी बसवून जी औषधे दिली जातात, त्यांना वृद्धिवर्धक औषधे म्हणतात. प्रतिजैव पदार्थ (सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणारी पेनिसिलीन, टेट्रासायक्लीन यांसारखी द्रव्ये) व हॉर्मोने हे त्यांतील दोन प्रमुख वर्ग होत. औषध दिलेले जनावर धष्टपुष्ट दिसते, म्हणून त्याची प्रतिरक्षा (रोगप्रतिकार यंत्रणा) बळावली असावी, असा समज सहज होतो. संशोधनाने पुढे आणलेले चित्र मात्र निराळे आहे.

पुणे व दोन परंपरा : पशुरोगांशी लढण्याच्या दोन्ही मार्गांचा पुण्याशी निकटचा संबंध आहे. पहिला मार्ग प्रतिरक्षा जागविण्याचा. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली व तिची सूत्रे ॲल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे आली. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर या एकांत व थंड ठिकाणी हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हे तिचेच विस्तारित रूप होय. मुक्तेश्वरला बुळकांडीविरुद्ध रक्तरस तयार होऊ लागला. पुढे लसी आल्या आणि २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुण्यातील औंध येथे पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत पशू व कोंबड्यांसाठी लसी तयार होतात.

दुसरा मार्ग सूक्ष्मजंतू मारणाऱ्या औषधांचा. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लिमिटेड हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. मानवी रोगोपचारासाठी हे औषध देशातच मिळावे, हा त्यामागील हेतू होता. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत मात्र प्रतिजैव पदार्थ पशुखाद्यात मिसळले जाऊ लागले होते.

शोध व वापर : अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे कोंबड्यांच्या पिलांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसीन तयार करताना उरणारा चोथा खाद्यात घातल्यावर पिलांची वाढ केवळ जीवनसत्त्वाने होईल त्याहून अधिक झाली. ही वाढ चोथ्यातील प्रतिजैव पदार्थामुळे होते, हे १९५० च्या सुमारास स्पष्ट झाले आणि अल्पावधीत ही पद्धत अनेक देशांत रूढ झाली.

प्रतिरक्षेवरील परिणाम : इंग्लंडमधील मेरी कोट्स व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, जुन्या, वापरलेल्या खुराड्यांत पेनिसिलिनाने पिले अधिक वाढतात, नव्या, स्वच्छ जागेत तो परिणाम फारसा दिसत नाही. जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या पिलांवर तो होत नाही, हे त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. यावरून औषधाचे कार्य सूक्ष्मजंतूंच्या द्वारा घडते, असे अनुमान निघाले. अस्वच्छ जागेत प्रतिरक्षा सतत चेतलेली राहते. त्यामुळे भूक मंदावते आणि मांस व हाडे यांच्या वाढीस लागणारी प्रथिने रोगप्रतिकाराकडे वळतात. अमेरिकेतील कर्क क्लासिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले की, अशा जागेत खाद्यातील प्रतिजैव पदार्थ हा ताण कमी करतात. काही प्रतिजैव पदार्थ दाह निर्माण करणाऱ्या पेशींची क्रिया थेट मंदावत असावेत, असे गृहीतक टी. ए. नीवोल्ड यांनी २००७ मध्ये मांडले. दोन्ही विवेचनांनुसार औषधाने प्रतिरक्षा बळावत नाही. तिच्यावरील खर्च तेवढा वाचतो.

हॉर्मोनांचे परिणाम वेगळे आहेत. स्त्रीमदजनक हॉर्मोने अधिक प्रमाणात दिल्यास थायमस ग्रंथी (प्रतिरक्षेतील लसीका पेशी जेथे परिपक्व होतात ती ग्रंथी) आक्रसते. या वर्गातील कृत्रिम स्टिल्बेस्ट्रॉल गुरांना देण्यास अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी झाली. दूधवाढीसाठी १९९३ मध्ये तेथे मान्य झालेल्या गोवंशीय वृद्धी हॉर्मोनाच्या वापरात गायींना कासदाह होण्याचा धोका वाढतो, असे आढळले.

निर्बंध : अल्प मात्रेने मरतात ते दुबळे सूक्ष्मजंतू, औषधाला दाद न देणारे टिकतात, वाढतात व माणसांपर्यंत पोचतात. हा धोका ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्येच दाखवून दिला. स्वीडनने १९८६ मध्ये वृद्धीसाठी प्रतिजैव पदार्थ देण्याचे बंद केले. प्रारंभी दूध तोडलेल्या डुकरांच्या पिलांत अतिसार वाढला. पुढे गोठे, खाद्य व स्वच्छता सुधारून तो आटोक्यात आणण्यात आला. औषधाने झाकलेले संगोपनातील दोष यातून उघडे पडले. यूरोपीय संघात अशी बंदी २००६ पासून लागू झाली. भारतात कोलिस्टीन या औषधाचा अन्नोत्पादक पशू, कोंबड्या व पशुखाद्य यांसाठीचा वापर २०१९ मध्ये निषिद्ध ठरला. गंभीर संसर्गात इतर औषधे निष्फळ ठरल्यावर माणसांना देण्यासाठी ते राखून ठेवणे आवश्यक मानले जाते.

पुणे व परिसरात कुक्कुटपालनाचा मोठा विस्तार झाला आहे. दाटीने ठेवलेल्या हजारो पक्ष्यांत मानमोडीसारखा (रानीखेत) विषाणुजन्य रोग शिरला, तर प्रतिजैव पदार्थांचा त्यावर काहीही उपयोग होत नाही. तेथे वेळेवर दिलेली लस, कोरडे तूस व मोकळी हवा हेच खरे संरक्षण होय.